भरणं लागल्यावर

आबा माझ्या खोलीत येऊन बसायचे ते फक्त माझं काम रेंगाळलेलं असलं तर. एरवी नाही. सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवून न बोलता जायचे, जेवताना "मीठ दे" म्हणायचे आणि संध्याकाळी मोठ्या आवाजात बातम्या लावायचे. आई गेल्यावर मी पुण्यातलं बिऱ्हाड मोडून राजुरीच्या मळ्यात राहायला आले. लग्न त्याआधीच मोडलं होतं, त्यामुळे मागे ओढणारं कुणी नव्हतं. "बापाला सोबत झाली," असं शेजारच्या आळे गावातल्या मावशीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे म्हणाले. कसली सोबत! एका घरात दोन माणसं गप्प बसायची, एवढंच.

माझं काम समजावून सांगायला लागले की पाहुणे जांभया देतात. मोठ्या कंपनीत ढीगभर संगणक-प्रणाली असतात. त्यातली कोणती कोणावर अवलंबून आहे, एक बंद पडली तर कोणाकोणाचं अडेल, याचा नकाशा मी एका सॉफ्टवेअरमध्ये करते. निरनिराळ्या विभागांकडून फायली येतात आणि मी त्या कंपनीच्या सर्व्हरवरच्या मुख्य नकाशात भरते. याला इम्पोर्ट म्हणतात. इम्पोर्ट सुरू झाला की पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जायची, इतकी सावकाश की जीव जावा. ती भरेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायची सोय नव्हती.

एकदा मी अशीच हात मांडीवर ठेवून बसलेली असताना आबा कप न्यायला आले.

"बसलीस का गं नुस्ती?"

"भरतंय आबा. भरेपर्यंत बसायचंच."

त्यांनी पट्टीकडे बराच वेळ पाहिलं. मग दारापुढच्या ओट्यावरची प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि माझ्या शेजारी मांडून बसले. "भरणं हाये म्हण की," म्हणाले.

मला हसू आलं, पण ते चेष्टा करत नव्हते. आमच्याकडे उसाला पाणी द्यायचं, म्हणजे भरणं करायचं, तर एकट्याने जात नाहीत. उसात बिबट्या असतो. एकाने खोऱ्याने सरी फोडून पाणी पुढे काढायचं, दुसऱ्याने बांधावर बसून मोठमोठ्याने बोलत राहायचं. माणसांची चाहूल लागली की जनावर वाट बदलतं. आमच्या शेतात खोरं आबांकडे आणि बोलणं आईकडे. आई काहीही बोलायची: भाचीचं लग्न, भाजीत पडलेलं जास्तीचं तिखट, माझे मार्क. आबांनी नुसतं ऐकायचं. पुढे ठिबक आलं. व्हॉल्व्ह फिरवायचा आणि घरी यायचं. बांधावर बसणं संपलं, आणि मग आईही संपली.

तर आबा माझ्या भरण्याला सोबत म्हणून बसले होते. आणि सोबतीला बसणाऱ्याने बोलायचं असतं, हा नियम त्यांना ठाऊक होता. जन्मात चार वाक्यं सलग न बोललेला हा माणूस बोलायला लागला. पहिल्यांदा अडखळत, बैलांबद्दल, जुन्या विहिरीबद्दल. मग आईबद्दल. लग्नानंतर महिनाभर ती त्यांच्याशी बोललीच नव्हती आणि पहिल्यांदा बोलली ती बांधावर, बिबट्याच्या भीतीने, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. मला इतकं बरं वाटायचं की मी पट्टीकडे बघणंच सोडलं. इम्पोर्ट लावायचा झाला की ओट्याकडे तोंड करून हाक मारायची, "आबा, भरणं लागलं!" की खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

दुसराही एक नियम ते पाळायचे, आणि त्याचा मला संताप यायचा. सरी भरली की उठायचं. पट्टी टोकाला पोचली की ते वाक्य तिथेच सोडायचे. "भरलं. चल, लाग कामाला." खुर्ची उचलून बाहेर.

मग साहेबांचा फोन आला. इम्पोर्टला एवढा वेळ लागतो, सगळे खोळंबतात, गावाकडच्या नेटवर हे काम जमणार नाही, तेव्हा पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहरात काही रखडलं तर ती तांत्रिक अडचण, आणि राजुरीत रखडलं तर तो राजुरीचा दोष! आबांना सांगितलं, तर ते जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर घसरले. "त्या डिश वढून घेत्यात सगळं नेट."

"त्या आकाशातलं ऐकतात आबा, माझं नाही."

"तू काय बघायला गेलीस?" मग म्हणाले, "जावं लागंल का?"

"नीट झालं नाही तर जावं लागेल."

"जायाचं तर जा. माझं काय आडत न्हाई." आणि ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायला गेले. तो सकाळपासून बंदच होता.

मी हट्टाला पेटले. रखडणारी एक फाइल माझ्याच लॅपटॉपवर, एका कोऱ्या नकाशात भरून पाहिली. चहा गाळेपर्यंत भरली. म्हणजे फाइलचा दोष नाही. मग पुण्याच्या ऑफिसात बसणाऱ्या एका सहकाऱ्याला तीच फाइल तिथून मुख्य नकाशात भरायला लावली. तिथेही तीच रड! राजुरी निर्दोष सुटली. मी ओरडतच ओट्यावर गेले. आबा म्हणाले, "मंग खोडदवालेबी सुटले."

राहिला सर्व्हरवरचा मुख्य नकाशा. त्याच्या सेटिंग्ज उकरत बसले तेव्हा घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. नकाशात कोणी हाताने बदल केला, तर कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी एक सोय असते. ती कोणीतरी इम्पोर्टलाही लावून ठेवली होती. फाइलमधल्या एकेका वस्तूसाठी सर्व्हर वेगळी नोंद लिहीत बसायचा. नारायणगावच्या बाजारात क्रेट सोडून एकेका टोमॅटोची पावती फाडावी, तसा प्रकार. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मी लिहिलं, इम्पोर्टपुरती ही नोंद बंद करा. ते म्हणाले, उद्या करतो.

त्या दिवशी एक फाइल मात्र भरायचीच होती. हाक मारली. आबा आले, बसले.

"तुझा जनम व्हायचा व्हता तवाची गोष्ट," ते म्हणाले. "तिन्हीसांजा झाल्या व्हत्या. मी उसाच्या पल्याडच्या अंगाला, ती बांधावर. तिचं आपलं चालू, ह्याचं असं न् त्याचं तसं. आन् मधीच गप झाली. कवा गप व्हायची न्हाई गं ती. मी हाक मारली, वो न्हाई. परत मारली. खोरं टाकलं आन् पाण्यातनं पळत सुटलो. जाऊन बघतो तर..."

पट्टी भरली.

"भरलं," आबा म्हणाले आणि उठले.

"आबा, पुढे?"

"लाग कामाला."

दुसऱ्या दिवशी नोंद बंद झाल्याचा निरोप आला. मी सवयीने हाक मारली, "आबा, भरणं लागलं!" आणि बटण दाबलं. आबा खुर्ची घेऊन उंबऱ्यापाशी पोचले, तेव्हा पट्टी टोकाला होती.

"भरलं?"

"भरलं."

"येवढ्यात?" ते खुर्ची हातात धरून पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजी तुझंबी ठिबक झालं म्हण की."

साहेबांचा निरोपही तासाभरात आला, पुण्याला यायची गरज नाही. मी आबांना सांगितलं, आता मी कुठे जात नाही. त्यांचा चेहरा खुलला, अगदी उघड खुलला, आणि माझे डोळे भरून आले. "लई ब्येस झालं," ते म्हणाले.

"मग बसा ना. कालची आईची गोष्ट अर्धी राहिली. ती गप्प का झाली होती?"

"सांगंन की. परत भरणं लागल्यावर."

त्यानंतर मी अनेक फायली भरल्या, सगळ्या आबा खुर्ची आणेपर्यंत भरून मोकळ्या. एकदा तर खोटंच ओरडले, भरणं लागलंय म्हणून. आबा आले, पडद्यावर पट्टी शोधली आणि म्हणाले, "कुठं लागलंय?" खुर्ची पुन्हा ओट्यावर गेली.

आई त्या दिवशी का गप्प झाली, ते मला अजून माहीत नाही. आबा पलीकडच्या खोलीत बातम्या बघतायत.