गट्टूंच्या फटी कशानं भरायच्या

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी सहाला मी रेती चाळायला बसले. फाटकापासून स्कूटरच्या शेडपर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवून झाले होते, त्यांच्यामधल्या फटी तेवढ्या भरायच्या राहिल्या होत्या. फटी भरल्याशिवाय गट्टू एकमेकांना धरत नाहीत, गाडी गेली की डुलतात. त्या कशानं भरायच्या, यावरून आठवडाभर वाद चालला होता.

वाद माझा आणि माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. कारध्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. आमच्यात भासरा भावसुनेशी थेट बोलत नाही. सत्तावीस वर्षांत ते माझ्याशी एक वाक्य बोललेले नाहीत, मीही नाही. नवरा होता तोवर निरोप त्याच्यामार्फत जायचे. तो जाऊन सहा वर्षं झाली. आता जो कोणी मध्ये उभा असेल त्याच्यामार्फत जातात. या आठवड्यात मध्ये गट्टू बसवणारा मिस्त्री होता.

"मिस्त्री, तिले सांग," मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना भासरे म्हणायचे, "सिमेंट-रेतीचा सुका माल फटीत झाडून घ्यायचा, वरून पाणी मारायचं. एकदाच पक्कं काम."

"ताई, भाऊ म्हणून राहिले की..."

"ऐकलं. मले कमी ऐकू येत नाही. त्याहिले म्हणा, मागचं अंगण असंच पक्कं केलं होतं."

"भाऊ, ताई म्हणतात, मागचं अंगण..."

"मी बी बहिरा नाही," भासरे म्हणाले. मिस्त्रीला म्हणाले, अर्थात.

मागचं अंगण तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच सांगण्यावरून काँक्रीट केलं. तेव्हापासून तिथलं सगळं पावसाचं पाणी गल्लीत जातं. आधी माझी विहीर जूनपर्यंत पुरायची. गेले दोन उन्हाळे मे लागला की बादली तळाच्या दगडावर वाजते. नळ एक दिवसाआड येतो. वैनगंगा गच्चीवरून दिसते, पण नदी दिसल्यानं हंडा भरत नाही. विहिरीजवळ पाणी मुरायला उरलेली जागा म्हणजे फाटकापासून शेडपर्यंतची ही पट्टी. चिखलात स्कूटर घसरते म्हणून गट्टू घातले, ठीक. पण फटीही बंद केल्या तर विहीर गेली, हे मला स्पष्ट होतं.

मी नुसत्या तोंडाच्या गोष्टी केल्या नाहीत. मिस्त्रीला उरलेल्या गट्टूंचे तीन छोटे चौकोन मांडून त्यांच्या फटी भरायला लावले, एक सिमेंटच्या मालानं, एक गिट्टीच्या बारीक चुरीनं, एक चाळलेल्या रेतीनं. तीन दिवसांनी प्रत्येकावर एकेक बादली ओतली. सिमेंटवरचं पाणी सरळ गल्लीत गेलं. चुरीनं थोडं पिऊन घेतलं, मग तिचा चिखल होऊन फटी बुजल्या. रेतीवरचं पाणी मी हात पुसेपर्यंत खाली गेलेलं. नागपूरला एक तयार पुडी मिळते, पाणी मारलं की रबरासारखी घट्ट होते, असं मिस्त्रीनं सांगितलं. घट्टच करायचं तर सिमेंटनं काय वाईट केलं होतं?

"रेतीत गवत उगवन," भासऱ्यांनी मिस्त्रीला सांगितलं. "मुंग्या रेती वर काढतीन. दरसाल भरत बसा म्हणा."

हे सगळं खरं होतं. ते होणार हे मला ठाऊक होतं. गवत उपटता येतं. विहीर भरता येत नाही.

तर त्या शनिवारी मी चार घमेली रेती चाळून, उन्हात पसरून ठेवली. रेती कोरडी असली तरच फटीत तळापर्यंत उतरते. मिस्त्रीला खराटा दिला, काय करायचं ते दोनदा सांगितलं आणि तुमसरला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले.

चार वाजता परत आले. रेती होती तिथंच होती. फाटकाकडच्या सात ओळींच्या फटी राखाडी दिसत होत्या. सिमेंट.

"भाऊ बॅग घेऊन आले," मिस्त्री माझ्याकडे न पाहता म्हणाला. "माल संपला म्हणून इतकंच झालं. म्हणे, तिले मी सांगतो."

"कसं सांगणार होते? इतक्या वर्षांत कधी सांगितलं?"

मिस्त्री पायानं खराटा सरकवत राहिला.

"पाणी मारलं का?"

"नाही. भाऊ सकाळी सात वाजता पाइप घेऊन येतो म्हणाले."

म्हणजे माल अजून सुका होता. घरी जा म्हटलं त्याला. रागावण्यात वेळ घालवला नाही. पेचकस शोधले, दोन सापडले.

दुसऱ्या दिवशी पाचला उठले. फाटकाजवळच्या एका गट्टूच्या दोन्ही बाजूंना पेचकस खुपसून आळीपाळीनं उचकटत राहिले. पहिला गट्टू निघायला वीस मिनिटं लागली आणि एक नख गेलं. त्यानंतरचे हातानं निघाले. प्रत्येक गट्टू झटकायचा, खाली सांडलेला माल भाकरीच्या उलथण्यानं खरवडून घमेल्यात घ्यायचा, तळाला रेती सारखी करून गट्टू परत ठेवायचा. तीन ओळी झाल्या तेव्हा भासरे खांद्यावर पाइप घेऊन फाटकात आले.

इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मध्ये कोणीच नव्हतं. शेवटी ते फाटकाला म्हणाले, "हे कायले उकरून राहिली म्हणावं?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. उठले नाही.

"भाऊजी, मले विचारा. मी इथंच बसली हाये."

त्यांनी पाइप खाली ठेवला.

"तुम्ही पाणी मारलं असतं तर हे जमून दगड झालं असतं," मी म्हणाले. "मंग मे महिन्यात माझी विहीर कोण भरणार होतं? तुम्ही?"

ते म्हणाले, "गवत उगवन." या वेळी फाटकाकडे पाहून नाही.

"उगवन तर उपटीन."

हाताला हात लागू द्यायचा नसतो, म्हणून मी घमेलं जमिनीवरूनच त्यांच्याकडे सरकवलं. "तुमच्या न्हाणीची पायरी फुटली हाये. हा माल तिथं लावा, वाया जाणार नाही. पाइप बी तिकडंच न्या."

त्यांनी घमेलं उचललं आणि ते गेले. पाइप फाटकातच राहिला, तो मी गुंडाळून त्यांच्या भिंतीवर टाकला.

आठला मिस्त्री आला. मी त्याच्या हातात दुसरा पेचकस दिला आणि चौथी ओळ उचकटायला बसले.