याची आई कोण?

अंडं हातात आलं की अण्णा ते फिरवून बघत आणि विचारत, "याची आई कोण?" कोंबडीचा नंबर पेन्सिलीनं लिहिलेला नसेल, तर ते अंडं उबवायला जात नसे. धारवाडच्या आमच्या कोंबडी पैदास केंद्रात तुम्ही आला असतात, तर खिशात पेन्सिलीचा तुकडा बाळगणाऱ्या या शेडप्रमुखानं तुमच्याही हातातलं अंडं मागून घेतलं असतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी अळणावरजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. माझ्या संशोधनात अंड्यातल्या गर्भात बाहेरचं जनुक सोडायचं होतं. सरकारी परवानगीत अट होती, या अंड्यांतलं एकही पिल्लू केंद्राबाहेर जाता कामा नये.

एका सकाळी माझ्या हातून शेजारचे दोन ट्रे उलटले. एकात प्रयोगाची पिल्लं, दुसऱ्यात साधी. पंखांत बिल्ले घालायचे होते, त्याआधीच सगळी मिसळली. साधी पिल्लं त्याच दिवशी अण्णांच्या गावच्या महिला मंडळाला द्यायची होती. मंडळ चालवत होत्या अण्णांच्या पत्नी, आमच्या वैनी.

"सारखीच दिसतात, अण्णा," मी म्हणाले. "मोजून तेवढी देऊ. कुणाला कळणार?"

"एकेकाची आई कोण, सांग. सांगितलंस तर देतो."

त्यांनी शेडला कुलूप लावलं.

वैनी चारपाच बायकांसह टोपल्या घेऊन आल्या. "खुराडी बांधून बसलोय आम्ही. गावात काय तोंड दाखवू?"

"नवरा हट्टी आहे म्हणून सांग. गावाला ते ठाऊक आहे."

एक बाई हसली. वैनी हसल्या नाहीत. टोपल्या रिकाम्याच परत गेल्या.

मग अण्णांनी माझ्यापुढे रजिस्टर ठेवलं. "तुझ्या हातून झालं अक्का, तुझ्याच हातानं लिही." शिष्यवृत्ती जाईल या भीतीनं मी पेन घेईना. ते पेन पुढे धरून उभेच राहिले. मी लिहिलं.

शिष्यवृत्ती राहिली. पण परवानगी देणाऱ्या समितीनं सगळी पिल्लं नष्ट करायला लावली आणि प्रयोग वर्षभर थांबवला. पिल्लांचं ते काम अण्णांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी मात्र येताच म्हणाले, "रडायचं बेडा, अजिबात नाही. मधे भिंत घालून घेऊ."

वर्षानं दोन वेगळ्या खोल्यांत आम्ही पुन्हा सुरुवात केली. साध्या खोलीतली पहिली पिल्लं वैनींच्या टोपल्यांत गेली.

अण्णांच्या निवृत्तीनंतर हुबळीच्या दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली. मी केंद्रातलं उकडलेलं अंडं नेलं होतं. पडल्यापडल्याच त्यांनी ते फिरवून नंबर शोधला आणि वैनींना वाचून दाखवला. मगच सोलायला दिलं.