चाळणीतला उजेड

पाच वर्षं मी सांगलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकच पूड बनवत होते. कार्बनच्या अणूंचं घट्ट जाळं, आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं. अतिनील दिव्याखाली धरली की तिनं स्वतःचा निळा उजेड द्यायचा, असं कागदावर तरी होतं. सुट्टीला पलूसला गेले की आबा, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, उसाला पाणी सोडता सोडता विचारायचे, "उजेड देणारी चाळण म्हण की! मग दिला का उजेड?"

"न्हाई अजून, आबा."

शेवटी माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं, महिनाअखेरीपर्यंत पूड उजळली नाही तर विषय बदलायचा. पाच वर्षं पाण्यात! मी वरवर हसले.

त्यातच चुलत बहिणीची हळद. मी करवली, कोपरापर्यंत माखले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं थेट प्रयोगशाळेत. हातमोज्यांचा मला भारी कंटाळा. बोटांनीच पूड उचलून अल्कोहोलच्या बाटलीत टाकली, दिवा लावला आणि बाटली हिरवीगार झळकली. निळी नाही, पण उजेड तर होता! मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातला तास थांबला. आबांना फोन केला. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

मॅडमनी बाटली गाळणकागदावर ओतली. हिरवा उजेड अल्कोहोलबरोबर खाली गेला, पूड वर अंधारातच. आमची पूड कशातच विरघळत नाही. हे विरघळलेलं दुसरंच काहीतरी होतं. त्यांनी माझी पिवळी नखं पाहिली. "हळद उजळते हे सांगलीत नव्यानं शोधायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या.

लाज वाटली, त्याहून जास्त स्वतःचा राग आला. वाटलेले पेढे परत कसे मागायचे? हळदीचा कणही राहू नये म्हणून तीच पूड मी गरम अल्कोहोलनं तीन दिवस धुतली. मॅडम नेहमी तीन दिवस धुवायला सांगायच्या. मी एका दिवसात उरकायचे. चौथ्या दिवशी वाळवून दिव्याखाली धरली.

निळी! पूड बनवताना वापरलेल्या धातूचे कण भोकांत अडकून इतकी वर्षं तिचा उजेड गिळत बसले होते; तीन दिवसांच्या धुण्यात ते निघून गेले. मी तिथंच रडले.

"आबा, आता खरंच उजळली."

"पेढं तवाच वाटल्यात. आता बघायलाच येतो."

ते आले. टोपी काढून दिव्याच्या काळ्या पेटीत डोकावले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात धुतलंस न्हवं गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा पेटीत डोकावले.