बिमार बकरीचा वाटा

माह्या बोटावर काळी खपली आली अन् ती दुखतच नव्हती, म्हणून मले अजून जास्त भेव वाटे. सहा महिन्याची पोरगी दिवसभर त्याच हातात.

नवरा हिंगण्याकडं जनावरांच्या रोगाच्या लॅबमध्ये झाडू मारते. आमची बकरी अचानक तडफडून राहिली होती, तर ती मरायच्या आधी सासूनं कापून घेतली, वाया जाऊ नये म्हणून. मीच सोलली. शेजारणीलेही वाटा दिला. मंग बोटाले हे झालं अन् सारी गल्ली म्हणे, नवऱ्यानंच कपड्यातून लॅबचा रोग आणला. नळावर मले कोणी उभं राहू देईना.

सासू म्हणे, "बकरीचं नाव काढू नको वं, गल्लीत राहू देणार नाही आपल्याले. लॅबचंच सांग."

लॅबचं सांगितलं तर नवऱ्याची नोकरी जाते. मी दोन दिवस दार लावून बसली. तिसऱ्या दिवशी पोरीले ताप आला, तशी पळतच दवाखान्यात गेली. सासू मागंच.

डॉक्टर मॅडमनं बोट पाहून विचारलं, "घरी जनावर मेलं काय?"

सासूनं चिमटा घेतला. शेजारीण रांगेतूनच ओरडली, "तिच्या नवऱ्याले विचारा ना, काय काय आणते तो!"

पोरगी कण्हून राहिली होती.

"बिमार बकरी कापली आम्ही," मी म्हटलं. "मीच सोलली."

"बिमार जनावर सोललं की अशीच खपली येते. मटण कोणी खाल्लं?"

मी शेजारणीकडं पाहिलं. ती रांग सोडून पुढं आली, हळूच म्हणे, "मॅडम, मले बी पाहा."