क्लबात स्थळ बघायला

मुलाकडची माणसं मुलगी बघायला येतात, पोहे खातात आणि जातात. तेवढ्यावर भागलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मग मुलीकडची माणसं मुलाचं घरदार बघायला निघतात, आणि त्यात आमचे नातेपुत्याचे मामा असले की हे बघणं संपता संपत नाही. मामांनी मुलाचं घर बघितलं. न्हाणीघरात डोकावून बघितलं. मुलगा गिरणीच्या ऑफिसात कारकून होता, तर तिथं जाऊन त्याची खुर्ची हलवून बघितली. एवढं करून ते निवांत पान लावत बसले, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की मुलगा रोज संध्याकाळी स्टेशनकडच्या नव्या हॉटेलात बँडमध्ये ॲकॉर्डियन वाजवतो.

"बँडमधी?" मामांचा पान धरलेला हात तसाच राहिला. "वरातीच्या?"

"नाही हो मामा, क्लब आहे तो. लोक खुर्चीवर बसून ऐकतात."

"ऐकणारा बसंल न्हायतर उबा ऱ्हाईल. वाजवणारा तो वाजवणाराच की. पोरगी द्यायची न्हाय."

झालं. माझ्या जन्माचा निकाल पानाच्या एका विड्यात. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. आधीच्या चारही स्थळांनी बोलणी सुरू व्हायच्या आत सांगितलं होतं की लग्नानंतर नोकरी चालणार नाही. हा मुलगा मात्र पोह्यांची बशी हातात धरून, कुणी विचारलं नसताना म्हणाला होता, "नोकरी सोडू नका. मीही वाजवणं सोडणार नाही." त्या एका वाक्यावर मी मनातून होकार देऊन मोकळी झाले होते. आता मामा अडून बसले. अण्णा, म्हणजे माझे वडील, नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात आयुष्यभर "हो शेठ" म्हणत आलेले. ते मामांना काय बोलणार? शेवटी मुलानंच निरोप पाठवला, "सगळे या की एकदा. बघून जा. लपवण्यासारखं काही नाही." मला तो निरोप फार आवडला होता, हे आज कबूल करते.

मुलगी काही अशा वेळी बरोबर जात नाही. पण क्लबातलं खाण्याचं कार्ड इंग्रजीत असतं असं अण्णांना कळलं होतं, आणि न वाचता मागवलं तर काय पुढ्यात येईल याचा नेम नाही, म्हणून मला घेतलं. अक्कलकोटची आत्याही निघाली. ती बाहेरचं पाणी पीत नसे, त्यामुळे तिच्यासोबत पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या. असे आम्ही चौघं टांग्यातून संध्याकाळी सात वाजता क्लबात निघालो.

क्लब वरच्या मजल्यावर होता. दारात लाल गालिचा आणि गालिच्यावर गणवेशातला दरवान. मामांनी गालिचा बघितला आणि निमूट चपला काढल्या. मामांचं बघून अण्णांनी काढल्या, आत्यानंही काढल्या. दरवान म्हणाला, "साहेब, चपला घाला. इथं काढत नाहीत."

"आरं एवडा भारी गालिचा, खराब हुईल की," मामा म्हणाले आणि चपला भिंतीशी नीट जोडीनं लावून आत गेले. मी माझ्या सँडल काढल्या नाहीत. मी इतकी वैतागले होते की काढते म्हटलं असतं तरी पट्टा सुटला नसता.

आत तांबडे दिवे, छोटी गोल टेबलं, कोपऱ्यात परमिट रूमचा पडदा आणि समोर चौथऱ्यावर बँड आणि एक गाणारी मुलगी. मुलगा काळा कोट घालून उभा होता. आम्हाला बघून तो किंचित हसला. मामा खुर्चीवर मांडी घालून बसले. आत्यानं तांब्या टेबलाच्या मधोमध ठेवला आणि फिरकी उघडली. तिचा आवाज गाणाऱ्या मुलीपर्यंत गेला असावा. मामांचा आवाज तर नक्कीच गेला. "पोरीचा गळा बरा हाय. पर हितं माणसं बारा, माइक कशाला?" मी कार्ड वाचायला घेतलं तर आत्या प्रत्येक पदार्थाला "बेडा, बेडा" म्हणू लागली. कानडीत नको म्हणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटी चार चहा मागवले.

चहा घेऊन आलेला वेटर जेऊरचा निघाला. जेऊरला मामांच्या चुलतभावाची सासुरवाडी. मग काय विचारता! गाणं चाललंय, लोक वळून बघतायत, आणि मामा वेटरच्या खांद्यावर हात ठेवून चौकशी करतायत. "त्यो पेटी गळ्यात आडकवल्याला, कसा हाय रं?"

"लई सरळ हाय. वाजिवतो आन् घरी जातो. पडद्याच्या आत पाय न्हाय टाकला कदी."

मामा खुलले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मालकाला इचारू नये पोरी, वाढप्याला इचारावं." पुढचं गाणं त्यांनी मांडीवर ताल धरून ऐकलं. ते स्वतः गावच्या भजनात बसत, त्यामुळे हात बरोबर समेवर पडत होता. मला जरा हायसं वाटलं. वाटलं, आता उठावं आणि सुखानं घरी जावं.

पण सुखानं घरी जातील तर ते मामा कसले? गाणं संपल्याबरोबर त्यांनी आत्याकडून विभूतीची डबी घेतली आणि अनवाणीच थेट चौथऱ्याकडे निघाले. भजनात कुणी चांगलं वाजवलं की त्याच्या कपाळाला विभूती लावायची, हा त्यांच्याकडचा मान. मी "मामा, अहो मामा" म्हणत राहिले. मामा चौथऱ्यावर चढले, काळ्या कोटातल्या त्या मुलाच्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि म्हणाले, "लई ग्वाड वाजिवलंस, लेकरा."

पडद्याजवळच्या टेबलावरून हशा उठला. कुणीतरी शिट्टी मारली. मुलगाही हसला, पण कुणाकडे बघून हसला ते मला कळलं नाही.

मला तिथं बसवेना. बँडची विश्रांती सुरू झाली तशी मी हात धुवायच्या निमित्तानं उठून मागच्या बोळात गेले. तिथं मॅनेजर आणि तो उभे होते. मॅनेजर विचारत होता, "कोण रे ती माणसं? तुझ्या ओळखीची?"

"छे हो," तो रुमालानं कपाळ पुसत म्हणाला. "खेड्यातली दिसतात. बाजाराला आली असतील."

मॅनेजर आत गेला. मुलानं रुमालाची घडी घातली, आणि वळला तर समोर मी. तो गोरामोरा झाला. मग हळूच म्हणाला, "इथं असं सांगावं लागतं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळेल."

मला कळलं. म्हणूनच मी तशीच मागं फिरले.

टांग्यात मामा नुसते फुलले होते. पोरगा निर्व्यसनी, हातात कला, मोठ्यांचा मान ठेवतो. "भर सबेत कपाळ पुढं केलं त्यानं. आजकाल कोन करतं?" घरात पाऊल टाकताच त्यांनी आईला साखर आणायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "मग कळवू ना उद्या?"

"मला नाही करायचं," मी म्हणाले.

सगळ्यांनी कारण विचारलं. खरं कारण सांगायचं तर मामांच्या तोंडावर सांगावं लागलं असतं, आणि साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या त्या माणसाला ते सांगायचं माझ्यानं झालं नाही. म्हणून जे पहिलं सुचलं ते म्हणाले, "मला वाजवणारा नको."

मामा असे काही भडकले! आठवडाभर हेच वाक्य ते स्वतः घोकत होते, पण आता ते त्यांना सहन होईना. "वाजिवतो म्हणून काय झालं? आमी सोता बघून आलो न्हवं? तुजं कारन ते न्हाईच." ते उठून उभे राहिले. "तुला आमची लाज वाटती. गडी आला आन् तुला म्हनला, ही माणसं तुमच्यातलीच का? तू मान हलिवलीस. न्हाय म्हणून. मी काय आंदळा हाय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आत्या खाली बघत राहिली.

वेटर चहा ठेवताना मला खरंच तसं विचारून गेला होता, आणि मी खरंच मान हलवली होती. मामांनी बघितलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मामा सकाळच्या एस.टी.नं नातेपुत्याला निघून गेले. मुलाकडे नकार गेला. पुढं मामांचं माझ्याशी बोलणं सुरू झालं, माझं दुसरीकडे लग्न झालं, मामांनी कन्यादानाच्या वेळी डोळे पुसले. तो मुलगा का नको होता, हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, "आन् मग तू?"