हार्ड डिस्कचे वाटे

मला लिनक्सचं वेड लागलं तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. धानोऱ्यात आमच्या घरी कॉम्प्युटर एकच, माझा आणि धाकट्या भावाचा मिळून. त्याला गेमसाठी विंडोज हवं, मला लिनक्स. मग काय, डिस्कचे दोन भाग करायचं ठरलं. मी इतकी खुशीत की पंख्याखाली बसून एकटीच खुदुखुदू हसत होते.

धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. त्या डिस्कवर आईची गाणी होती. हळदीला, मांडवाला ती म्हणते ती अहिराणी गाणी भावाने मोबाइलवर रेकॉर्ड करून तिथे साठवलेली. दुसरी प्रत नाही. एक बटण चुकलं की सगळं साफ! म्हणून आधी ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि दोनदा वाजवून पाहिली.

तेवढ्यात वडील खुर्ची ओढून बसले. वाटणी म्हटल्यावर ते गप्प कसले बसतात! थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा, हा शेतातला रिवाज त्यांनी डिस्कलाही लावला. भाऊ आधी उचलणार म्हणून मी बरोब्बर मधोमध रेघ मारली. त्याने पहिला अर्धा उचलला. माझ्या अर्ध्याला मी थाटात एक्सटी-फोर फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची लिनक्सची पद्धत दिली, गाणी तिथे टाकली. लिनक्स सुरू झालं आणि मी खुर्चीसकट गिरकी घेतली.

मग भावाने विंडोज लावलं. गाणी गायब! विंडोजला माझा अर्धा वाचताच येत नव्हता. गाणी कुणाच्या वाट्यात असावीत यावरून आमची जुंपली. तो म्हणे रेकॉर्ड मी केली, मी म्हणे मोठी मी आहे.

पिठाचे हात घेऊन आई दारात उभी होती. तिने विचारलं, "मन्हा वाटा कोठे शे?"

आईलाही वाटा हवा, हे ऐकून आम्ही खो खो हसलो. मग वडिलांकडे पाहिलं तर ते हसत नव्हते. गावातल्या शेतांच्या इतक्या वाटण्यांना ते बसले, पण घरच्या वाटणीला त्यांच्या बहिणींना कधी कुणी बोलावलं नव्हतं. खाकरून ते मला म्हणाले, शेवटचा एखादा तुकडा दे तिला.

डिस्क पुन्हा कोरी केली. विंडोज आणि लिनक्स दोघांनाही वाचता येते ती एनटीएफएस फाइल सिस्टीम मी आईच्या वाट्यासाठी निवडली आणि किती जागा लागेल ते मोजू लागले. आईने माझ्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला.

"तुकडा नको माले. तुमना एवढाच जोयजे."