माझा एक जून

काकूंच्या डाव्या हातात बांगड्या भरून झाल्या होत्या. उजवा हात मी मांडीवर घेतला, बोटं दाबून मऊ केली आणि पहिली बांगडी चढवणार, तेवढ्यात त्यांचा मुलगा ओसरीवर आला.

"मावशी, आधार दाखवा."

मला वाटलं चेष्टा करतोय. लहानपणी हा निखिल माझ्या पेटीतल्या बांगड्या घेऊन पळायचा. मी म्हटलं, "का रं, तुलाबी भरायच्यात का?"

तो हसला नाही. "कॉलनीत ठरलंय. आत येणाऱ्या प्रत्येकाचं बघायचं."

प्रत्येकाचं. माझ्या डोळ्यांदेखत दूधवाला दूध घालून गेला होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

चार दिवसांपूर्वी कॉलनीत सकाळी फिरायला निघालेल्या बाईचं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढून नेलं होतं. दोघांच्या तोंडाला रुमाल. चेहरा कुणी पाहिला नाही. पण कॉलनीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत ठरून गेलं की ते बांगलादेशी होते. चोरून आलेत, चोऱ्याच करणार. मग ते कुठं सापडतील? मुसलमान वस्तीत. आणि मुसलमान वस्तीतून कॉलनीत कोण येतं? मी येते. बावीस वर्षं येते. आधी सासूच्या मागे पेटी धरून यायची, मग एकटी.

रेशनसाठी माझं आणि नवऱ्याचं, दोन्ही आधार बटव्यात होती. दिली. त्यानं उलटी-सुलटी करून पाहिली.

"एक जून. यांचाही एक जून. नवरा-बायको एकाच तारखेला जन्मले? असंच असतं यांचं. बोगस."

त्यानं कार्डांचा फोटो काढला, माझाही काढला. काकूंनी हात ओढून घेतला. गुरुजी, म्हणजे काकूंचे मालक, झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरा वर घेतला. तोंड दिसेनासं झालं.

मन्यारणीनं, म्हणजे बांगड्या भरणारीनं, एक हात भरून आणि दुसरा मोकळा ठेवून उठू नये. सासूनं शिकवलेली ही पहिली गोष्ट. अशुभ असतं म्हणायची. आमच्या धर्मात ते नाही, पण धंद्याचाही एक धर्म असतो. बांगड्या भरून झाल्या की पाटलीण असो, मास्तरीण असो, मन्यारणीला वाकून नमस्कार करते. तेवढ्यापुरत्या आम्ही मोठ्या. त्या दिवशी मी मधूनच उठले.  पेटी उचलताना दोन डझन बांगड्या वाढल्या. वाढल्या म्हणजे फुटल्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत.

घरी पोहोचायच्या आत माझा फोटो गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलवर आला होता. खाली लिहिलेलं, "संशयित बाई. सावध राहा."

आता एक जूनचं सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी. माझी अम्मी तिच्या माहेरी गेली होती, बिलोलीकडच्या एका खेड्यात. मी घरातच जन्मले, सुईणीच्या हातावर. नोंद कोण करणार? अम्मीला एवढंच आठवायचं, ज्वारी काढणीला आली होती. म्हणजे थंडी सरता सरता कधीतरी. इकडं लातूरला शाळेत घालायला अब्बा घेऊन गेले तर गुरुजींनी विचारलं, जन्मतारीख? अब्बांनी मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, "असू द्या, लिहितो एक जून. शाळा सुरू होताना सहा वर्षं भरली पाहिजेत." आणि लिहिलं. माझं लिहिलं, माझ्या मागच्या पोराचं लिहिलं, शेतावरून आलेल्या पाटलांच्या जुळ्यांचंसुद्धा लिहिलं. अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला. नवऱ्याच्या गावीही हेच.

ते गुरुजी म्हणजे हेच. झोपाळ्यावरचे.

आठवड्यानं ठाण्यातून बोलावणं आलं. नवऱ्याला घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी मी उशिराचा जन्मदाखला काढला होता, लेकीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला कुणीतरी मागितला म्हणून. अशा सगळ्या दाखल्यांची आता तपासणी सुरू होती. साहेब वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पंधरा दिवसांत जन्माचा पुरावा आणा. न्हाई तर दाखला रद्द होईल आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा."

"आणि मग?"

"मग कोर्ट. शाळेत नाव घालणारे मास्तर हयात आहेत का? त्यांनी लेखी दिलं तर बरं पडेल."

 गुरुजींचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही.

मग साहेबानं सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या गल्लीत बंगाली बोलणारं कोण हाय?"

इथं मला थांबून श्वास घ्यावा लागतो. गल्लीच्या टोकाला फरशी बसवणारे दोन भाऊ राहायचे. कलकत्त्याच्या पुढचे. मला दीदी म्हणायचे. माझ्या मोरीची फरशी उरलेल्या तुकड्यांनी त्यांनीच बसवून दिली होती, चहावर. मी म्हटलं, "आम्ही न्हाई ओ साहेब. ते हायत तिकडचे. फरशीवाले."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं.  माझ्यावर जे आलं, तेच मी दुसऱ्यावर ढकलून मोकळी झाले होते.

त्या दोघांना त्याच दिवशी नेलं. चार दिवसांनी गावाकडून कागद आले. ते इथलेच निघाले, याच देशाचे. सोडलं. सामान बांधताना थोरला माझ्या दारावरून गेला. "दीदी, चलते हैं," म्हणाला. त्याला माहीत नव्हतं, सांगणारी मीच आहे ते. मी दाराआड उभी राहिले. माझ्या मोरीत जायलाही मला लाज वाटायची.

आणि भीती वेगळीच. दार वाजलं की मी आधी खिडकीच्या फटीतून बघायची. नवरा रिक्षा चालवतो, तो रिक्षात घरची दखनी बोलेना झाला. लेक नांदेडला शिकते, तिचा फोन, "अम्मी, मी घरी येऊ का?" मी म्हटलं, "येऊ नको. आणि रूममधल्या पोरींना काही सांगू नको." कागदांची पिशवी मी अंगावरची ओढणी सांभाळावी तशी सांभाळायला लागले. भाजीला गेले तरी काखेत.

मध्येच चोर सापडले. लातुरातल्याच बऱ्या घरची दोन पोरं, ऑनलाइन जुगारात बुडालेली. ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्या पोरांचं आधार कुणी टाकलं नाही.

मुदतीतले पाच दिवस उरले होते तेव्हा काकूंचा निरोप आला. मुलीचं लग्न, हिरवा चुडा भरायचा, मुलगी हटून बसली की माझ्या बांगड्या मावशीच भरणार. नवरा म्हणाला, "जाने दे. मत जा." मी गेले. गुरुजी तिथं होते म्हणून गेले.

नवरीचे दोन्ही हात भरले. तिचा काय दोष? तिनं वाकून नमस्कार केला, मी तोंडभरून दुवा दिली. मग काकू पुढं बसल्या. डावा हात भरला. उजवा हात मांडीवर घेतला आणि थांबले. घर पाहुण्यांनी भरलेलं. झोपाळ्यावर गुरुजी. दारात निखिल. 

"गुरुजी, माझी तारीख तुम्ही लिहिली. एका कागदावर तेवढं लिहून द्या."

 गुरुजी म्हणाले, "अगं, लग्नघर हाय. होऊ दे कार्य. मग बघू."

"कार्य होईस्तवर माझी मुदत संपते, गुरुजी."

"या वयात मला भानगडी नकोत बाई. लई जणांचं लिहिलंय मी. एकाचं दिलं की रांग लागंल."

निखिल पुढं आला. "मावशी, हे काय चालवलंय? बांगड्या भरायच्या असतील तर भरा."

माझी भीती तेव्हा गेली नाही. पण तिच्या शेजारी राग येऊन बसला. मी म्हटलं, "निखिल, तुझ्या बाबांचा वाढदिवस कधी असतो रं?"

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं. दर एक जूनला केक येतो आणि काकू मला बोलावून नव्या बांगड्या भरतात. एकतीस मेला गुरुजी निवृत्त झाले तेव्हाच्या फोटोत मीसुद्धा आहे, कोपऱ्यात, पेटी घेऊन. गुरुजीही शेतावरूनच आलेले. त्यांचीही तारीख त्यांच्या मास्तरानं अशीच लिहिलेली.

"त्यांचा एक जून खरा आणि माझा बोगस, हे कुणी ठरवलं?"

गुरुजी उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं.

काकूंचा उजवा हात अजून माझ्या मांडीवर होता. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तेवढा भर तरी. असा नको ठेवू."

"मागच्या बारीला तुम्ही ओढून घेतला होता, काकू. आज मी ठेवते." मी त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि पेटी बंद केली. या खेपेला एकही बांगडी वाढली नाही.

पेटी उचलून अंगणात आले. भीती अजून आहे. गुन्हा दाखल होईल की नाही मला माहीत नाही. पण शाळेतलं जुनं रजिस्टर मी मागणार आहे, अर्ज देऊन, पोच घेऊन. त्यात गुरुजींचं अक्षर आहे. ते तरी दार लोटून आत जाणार नाही.

आणि ठाण्यात गेले की आधी माझा कागद काढणार नाही. आधी सांगणार आहे, फरशीवाल्यांचं नाव मी घेतलं ते भिऊन घेतलं. काही गैर करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, नुसतं बंगाली बोलताना ऐकलं होतं. ते लिहून घ्या. पुढं माझ्या गल्लीत कोण काय बोलतं, ते मला विचारू नका. माझ्या तोंडून आता एकही नाव निघणार नाही.

कॉलनीतही जाणार. पेटी घेऊन, पुढच्या रस्त्यानं, सगळ्यांदेखत. कुणी आधार मागितलं तर बटवा उघडीन. फक्त म्हणीन, आधी तुझ्या बापाचं आण. तारीख वाच. मोठ्यानं वाच.